सर्वर झकास, कागद एकतर्फी: तीन वर्षं वापरलेल्या क्लाउड सर्विसचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, कंपनीचं नाव टाकत नाहीये, कारण अजून त्यांच्याकडेच आहोत आणि सगळा डेटा त्यांच्या ताब्यात आहे. शिवाय यातली निम्मी कलमं तुम्ही ज्यांच्याकडे आहात त्यांच्या करारातही थोड्याफार फरकाने निघतील, त्यामुळे नावाने फार काही अडत नाही.

आमचं काम म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पगार करून देणं. हजेरी, रजा, पगारपत्रक, बँकेची फाइल, सगळं आमच्याकडे येतं, म्हणजे हजारो माणसांची नावं, खाते नंबर, कुणाला किती पगार आणि कुणाचा कापला, असला नाजूक माल. आधी ऑफिसातच एका खोलीत सर्वर होता, तो सारखा तापायचा, म्हणून तीन वर्षांपूर्वी सगळं क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणाऱ्या सर्वरवर नेलं. सर्वर म्हणून विचाराल तर पाचपैकी पाच देईन, स्पीड चांगला, नवीन मशीन पाच मिनिटांत उभं राहतं, डॅशबोर्ड समजायला सोपा, सपोर्टवाली पोरं गोड बोलतात. त्याचे रिव्ह्यू सगळीकडे पडलेत, मी तो लिहायला बसलो नाहीये, मी कागदाचा रिव्ह्यू लिहितोय, म्हणजे साइन-अप करताना आपण सगळे जो टिक करून पुढे जातो त्या कराराचा.

मीही टिकच केला होता. दीड वर्ष काही झालं नाही. मग एका मोठ्या क्लायंटच्या वकिलांकडून ४१ प्रश्नांची एक्सेल शीट आली. डेटा कुठल्या देशात असतो, बॅकअप कुठे असतो, तुमचा क्लाउडवाला पुढे कुणाकुणाला काम देतो, डेटा फुटला तर किती तासांत कळवाल, आम्ही करार संपवला तर डेटा पुसल्याचं लेखी द्याल का. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं मी ठोकून दिली, चौथ्याला लक्षात आलं की आपल्याला यातलं काहीच माहीत नाही आणि जे ठोकून दिलंय तेही बहुतेक चुकलंय.

मग प्रिंट काढली. ६३ पानं. एक मुख्य करार, एक प्रत्येक सर्विसच्या अटींचा गठ्ठा, एक एसएलए (म्हणजे सर्विस किती वेळ चालू राहील याची लेखी हमी), एक 'काय करायचं नाही' ची पॉलिसी आणि एक डेटा प्रोसेसिंगचा जोडकरार (आपण ठेवलेली लोकांची माहिती ते कशी हाताळणार याचा), जो आपोआप लागूच नसतो, तो वेगळा मागून सही करून घ्यावा लागतो, आम्ही दीड वर्ष घेतलाच नव्हता. आणि मुख्य करारात एक ओळ आहे की कंपनी अटी कधीही बदलू शकते, वेबसाइटवर टाकलं आणि तुम्ही वापर चालू ठेवला की तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाईल. म्हणजे मी हायलायटर घेऊन बसून वाचलेला करार आणि आज लागू असलेला करार एकच असेल असं नाही. तेव्हापासून एक सवय लावलीये, दर महिन्याच्या एक तारखेला सगळी पानं पीडीएफ करून तारीख टाकून ठेवतो. बायको म्हणते तुला काय काम नाही का. पण पुढे उपयोग झाला, ते सांगतो.

सगळ्यात आधी पैशाचं कलम. त्यांच्याकडून काहीही चूक झाली तरी भरपाई जास्तीत जास्त किती, तर मागच्या १२ महिन्यांत आपण त्यांना भरलेली फी, त्याच्या वर नाही. आणि धंद्याचं नुकसान, गेलेले क्लायंट, गेलेली पत, डेटा परत उभा करायचा खर्च हे सगळं 'अप्रत्यक्ष नुकसान' म्हणून आधीच वगळलेलं. ही काही यांचीच बनवाबनवी नाहीये, बारा महिन्यांच्या फीची मर्यादा या धंद्यात सगळीकडे दिसते, अमेझॉनच्या क्लाउडच्या ग्राहक करारातही आहे. पण उलट्या बाजूने बघा, आमच्या क्लायंटशी आमचा जो करार आहे त्यात आमची जबाबदारी त्याच्या कितीतरी पट आहे. डेटा फुटला तर क्लायंट आम्हाला धरणार पूर्ण रकमेला, आणि आम्ही क्लाउडवाल्याकडे गेलो की तो वर्षाच्या फीचा चेक दाखवणार. मधली दरी कुणाची? आमची. इथंच घोडं पेंड खातं, आणि सेल्सवाला यावर चकार शब्द बोलत नाही.

'अहो पण सर्वर त्यांचा, मग जबाबदारी त्यांची' असं मलाही वाटायचं. तसं नसतं. त्यांच्या भाषेत याला शेअर्ड रिस्पॉन्सिबिलिटी म्हणतात, म्हणजे बिल्डिंग, वीज, हार्डवेअर त्यांचं, आणि आत तुम्ही काय ठेवलं, कुणाला चावी दिली, कुठली खिडकी उघडी टाकली ते तुमचं. २०१९ ला अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेचा डेटा गेला, अमेरिकेतले साधारण १० कोटी आणि कॅनडातले ६० लाख लोक त्यात होते. डेटा होता अमेझॉनच्या क्लाउडवर, घुसणारी बाई पूर्वी अमेझॉनमध्येच कामाला होती, आणि वाट मिळाली ती फायरवॉलच्या चुकलेल्या सेटिंगमधून. २०२० मध्ये तिथल्या बँक नियामकाने ८ कोटी डॉलरचा दंड केला, तो कॅपिटल वनला. क्लाउडवर जाताना धोका नीट तपासला नाही म्हणून. हे मी आमच्या मालकांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसले.

आता एसएलए. जाहिरातीत मोठ्या अक्षरात ९९.९ टक्के. कागदावर ९९.९ म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटं बंद, ऐकायला काहीच नाही. गेल्या वर्षी महिन्याच्या शेवटच्या दिवशी, म्हणजे ३१ तारखेला, म्हणजे पगाराच्या दिवशी, सकाळी १० वाजून १० मिनिटांनी आमचं मशीन बंद पडलं ते १ वाजून ५० मिनिटांनी उठलं. तीन तास चाळीस मिनिटं. फोन किती आले विचारू नका, एका क्लायंटचा एचआरवाला तर दर दहा मिनिटांनी फक्त 'झालं का' एवढंच विचारून ठेवून द्यायचा. मी म्हटलं ठीक आहे, ४३ मिनिटांच्या जागी २२० मिनिटं, क्रेडिट तर मिळेल. क्रेडिट आपोआप मिळत नाही हं, लेखी क्लेम करावा लागतो, ३० दिवसांच्या आत, लॉग म्हणजे मशीनच्या आपोआप होणाऱ्या नोंदी जोडून. केला. चार दिवसांनी उत्तर आलं की ९९.९ ची हमी दोन वेगळ्या झोनमध्ये (म्हणजे वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये) मशीन चालवणाऱ्यांना आहे, तुमचं एकाच झोनमध्ये एकच मशीन आहे, त्याला हमी ९९.५ ची. मी कॅल्क्युलेटर काढला. ३१ दिवसांच्या महिन्याची मिनिटं ४४,६४०, त्याचा अर्धा टक्का म्हणजे २२३. आम्ही २२० मिनिटं बंद होतो. तीन मिनिटांनी हुकलं. आणखी चार मिनिटं बंद राहिलं असतं तर त्या एका मशीनच्या महिन्याच्या बिलावर १० टक्के सूट मिळाली असती, मी त्या दिवशी मनातल्या मनात चक्क वाईट वाटून घेतलं की लवकर चालू केलं म्हणून. आणि मिळालं असतं तरी ते पुढच्या बिलात वळतं होणार, हातात काही नाही, आणि कलम असं की बंद पडल्याबद्दल मागायचं ते एवढंच, याशिवाय दुसरा दावा नाही. क्लायंटला आम्ही उशिराची भरपाई दिली ती आमच्या खिशातून.

डेटा कुठे आहे हा प्रश्न मला सगळ्यात सोपा वाटला होता. रीजन, म्हणजे डेटा जगाच्या कुठल्या भागात ठेवायचा, ते निवडतोच की आपण. जोडकरार वाचला तर पडून असलेला डेटा निवडलेल्या रीजनमध्ये राहील हे खरं, पण सपोर्टसाठी, बिलिंगसाठी, 'सर्विस सुधारण्यासाठी' काही माहिती इतर देशांत जाऊ शकते. म्हणजे रात्री दोनला सपोर्टला तक्रारीचं तिकीट टाकलं आणि जगाच्या दुसऱ्या टोकाच्या इंजिनियरने आपला लॉग उघडून बघितला तर तो डेटा कायद्याच्या दृष्टीने देशाबाहेर गेला. युरोपचे लोक क्लायंट असतील तर हे फार महत्त्वाचं, कारण तिकडून अमेरिकेत डेटा न्यायची जी वाट असते तीच कोर्टात दोनदा बंद पडलीये, ऑक्टोबर २०१५ मध्ये सेफ हार्बर आणि जुलै २०२० मध्ये प्रायव्हसी शील्ड, दोन्ही युरोपियन युनियनच्या सर्वोच्च कोर्टाने रद्द केले, तिसरी व्यवस्था जुलै २०२३ मध्ये आली. त्यामुळे ज्या कागदावर आपण 'सगळं कायदेशीर आहे' म्हणून सही करतो तो कागदच एका निकालाने रद्दी होऊ शकतो, आणि पर्यायी कलमं आधीपासून करारात घातलेली असतील तरच निभावतं.

आणि सर्वर अमुक देशात म्हणजे तिथलाच कायदा, हाही भ्रमच. २०१३ मध्ये अमेरिकन सरकारने मायक्रोसॉफ्टकडे एका खात्याचे ईमेल मागितले, ते होते डब्लिनच्या सर्वरवर. मायक्रोसॉफ्ट नाही म्हणाली, २०१६ ला अपिलात जिंकलीही, केस सुप्रीम कोर्टात गेली, आणि निकाल यायच्या आधी मार्च २०१८ मध्ये अमेरिकेच्या संसदेने क्लाउड ॲक्ट नावाचा कायदाच केला, की अमेरिकेच्या अखत्यारीतल्या कंपनीने ताब्यातला डेटा द्यायचा, तो जगात कुठेही ठेवलेला असो. केस तिथेच निकाली. (क्लाउड ॲक्ट हे लांबलचक नावाचं लघुरूप आहे, ढगाशी संबंध नाही, कुणीतरी आधी शब्द ठरवून मग नाव बसवलं असणार.) तेव्हा क्लायंटच्या वकिलाने विचारलं की 'सर्वर कुठे' तर त्याच्याबरोबर 'कंपनी कुठली' हेही सांगायला लागतं. आमच्या क्लाउडवाल्याच्या करारात एवढं बरं आहे की सरकारी मागणी आली तर कायद्याने मनाई नसेल तर आम्हाला कळवतील. कळवतील, अडवतील असं नाही.

डेटा फुटला तर कळवायची वेळ हे अजून एक. युरोपच्या जीडीपीआर या डेटा संरक्षण कायद्यात नियामकाला ७२ तासांत कळवायचं असतं, भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशात तर सहा तास आहेत, मोजणी आपल्याला कळल्यापासून. आता आपल्याला कळणार कधी, तर क्लाउडवाल्याने सांगितलं की. आणि त्यांच्या जोडकरारात शब्द काय, 'विनाविलंब'. तास नाहीत. मी २४ तास लिहून द्या म्हणून मागे लागलो, तीन मेल, दोन कॉल, उत्तर एकच, आमचा हा शब्द सगळ्या ग्राहकांसाठी सारखा आहे. इकडे आम्ही क्लायंटला २४ तास लिहून दिलेत, दीड वर्षापूर्वी, न वाचता. मूर्खपणा आमचा, मान्य.

आता माझी खरी तक्रार, जिच्यामुळे दोन स्टार कापले. आमच्या कंपनीच्या कार्डाची मुदत संपली. बिल फेल झालं. त्यांनी मेल टाकले, एक नाही तर चार, पण सगळे गेले ते खातं उघडणाऱ्या पोराच्या मेलवर, आणि तो नोकरी सोडून सात महिने झाले होते. पाचवा मेल नाही, फोन नाही, एका मंगळवारी सकाळी लॉगिन केलं तर लाल पट्टी, खातं सस्पेंड. सपोर्टला फोन केला तर म्हणे तुम्ही खात्याचे मालक नाही, मालकाने बोलायला हवं. मालक कोण, तर तो पोरगा. मी सांगतोय की अहो कंपनी आमची, बिल आमचं, तर म्हणे करार ज्याने स्वीकारला त्याच्याशीच बोलू शकतो, तुम्ही लीगलला लिहा. शेवटी त्या पोराला फोन करून, तो बिचारा नव्या ऑफिसच्या जिन्यात उभा राहून ओटीपी सांगतोय, असं खातं सुटलं. दीड दिवस गेला. नंतर कलम वाचलं तर सस्पेंड झाल्यापासून ३० दिवसांनी डेटा पुसायचा त्यांना हक्क आहे. सणासुदीच्या सुट्टीत झालं असतं तर? करारात सही कुणाची, मालक कोण, नोटीस कुठल्या पत्त्यावर, या तीन रकाम्या जागा लोक घाईत भरतात आणि खातं बंद पडल्यावर उघडून बघतात.

आणि पुसलं जाणं ही कल्पना नाही. मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या युनिसुपर या पेन्शन फंडाची गुगल क्लाउडवरची एक अख्खी प्रायव्हेट क्लाउड व्यवस्था उडाली होती, सहा लाखांवर सभासद, कारण काय तर सेटअप करताना एक रकाना रिकामा राहिला होता म्हणून सिस्टमने एक वर्षाची मुदत धरली आणि मुदत संपल्यावर पुसून टाकलं. चूक गुगलची होती, तसं गुगलने मान्यही केलं. वाचले ते वेगळे बॅकअप ठेवले होते म्हणून, तरी आठवडाभर लोकांना खाती दिसत नव्हती.

बॅकअपवरून आठवलं, ओव्हीएच या फ्रेंच क्लाउड कंपनीचं प्रकरण वकील लोक फार सांगतात. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबर्गमधलं त्यांचं डेटा सेंटर जळालं. एका ग्राहकाने बॅकअपचे वेगळे पैसे भरले होते, करारात लिहिलेलं की बॅकअप मूळ सर्वरपासून वेगळा ठेवू, आणि तो होता त्याच बिल्डिंगमध्ये. दोन्ही जळालं. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या लील शहराच्या व्यापारी कोर्टाने एक लाख युरोंच्या वर भरपाई द्यायला सांगितली. हा ग्राहक उभा राहू शकला कारण 'वेगळा' हा शब्द लिहिलेला होता. मी आमचा करार काढून बघितला. आमच्यात लिहिलंय 'टिकाऊ साठवण'. टिकाऊ म्हणजे काय, कशापासून टिकाऊ? विचारलं, उत्तरात एका मार्केटिंग पानाची लिंक आली.

एक गोष्ट मात्र आमच्या अंगाशी आली त्यात त्यांचा दोष नाही. एका क्लायंटचा आणि त्याच्या कामगाराचा ओव्हरटाइमवरून वाद कोर्टात गेला, वकिलांचं पत्र आलं की हजेरीचे सगळे लॉग जपून ठेवा. पत्र गुरुवारी आलं, टेबलावर पडून राहिलं, माझ्या हातात पडलं पुढच्या शुक्रवारी. आणि आमच्या स्टोरेजवर ९० दिवसांपेक्षा जुना लॉग रोज रात्री आपोआप उडवायचा नियम मीच लावला होता, जागा वाचवायला. आठ रात्रींचे लॉग गेले. क्लाउडवाल्यांना विचारलं, म्हणाले पुसलेलं परत येत नाही, सेटिंग तुमची. बरोबरच आहे. मला प्रतिज्ञापत्र लिहून द्यावं लागलं की मुद्दाम पुसलं नाही, आणि तिथे ते दर महिन्याचे तारीखवार पीडीएफ कामाला आले, कारण तो नियम पत्राच्या कितीतरी आधीपासून होता हे त्यात जोडलेल्या सेटिंगच्या स्क्रीनशॉटवरून दाखवता आलं. वकिलीण बाई म्हणाल्या, असले नीटनेटके कागद मी कमी बघते. घरी येऊन हे बायकोला सांगितलं.

चांगलं काय, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल नुसता रडतोय. ऑडिटचे रिपोर्ट मागितले की दोन दिवसांत देतात, एसओसी टू चा टाइप टू (बाहेरच्या ऑडिटरने सुरक्षा तपासल्याचा रिपोर्ट), आयएसओ २७००१ हे माहिती सुरक्षेचं सर्टिफिकेट, सगळं. प्रत्यक्ष डेटा सेंटर बघायला देत नाहीत, पण ते सहसा कुणी देत नाही. फक्त रिपोर्ट उघडून वाचा, त्यात मागे एक यादी असते की 'ग्राहकाने स्वतः हे हे करायला हवं', आमची त्यातली सहा कामं झालेली नव्हती. पुढच्या उपठेकेदारांची यादी त्यांच्या साइटवर आहे आणि नवीन कुणी घेतला तर मेल येतो, हरकत घ्यायला मुदतही देतात, पण हरकत घेतली तर पुढे काय, तर तुम्ही सर्विस सोडू शकता. एन्क्रिप्शनची (डेटा दुसऱ्याला वाचता येऊ नये म्हणून लावलेल्या कुलपाची) चावी आपल्याकडे ठेवायची सोय आहे, ती आम्ही घेतली, क्लायंटच्या वकिलाचे ४१ पैकी पाच प्रश्न त्याच एका उत्तरात मिटले.

घासाघीस करून काय मिळालं? आमच्यासारख्या छोट्या गिऱ्हाइकाला कोण विचारतो, भरपाईचं कलम जागचं हललं नाही, वादाचं ठिकाण त्यांच्याच शहरात राहिलं. दोन गोष्टी मिळाल्या. नोटीस तीन वेगळ्या मेलवर जाणार, आणि करार संपल्यावर डेटा काढून घ्यायला ३० ऐवजी ९० दिवस. दुसरीसाठी मी युरोपच्या डेटा ॲक्टचा दाखला दिला होता, सप्टेंबर २०२५ पासून तो लागू आहे, त्यात क्लाउडवाला बदलायची नोटीस दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही आणि जानेवारी २०२७ पासून बदलण्याचे पैसेही घेता येणार नाहीत. तो आम्हाला थेट लागू नाही, तरी लिहिलं, समोरून एका ओळीत 'मान्य' आलं, बहुतेक त्यांनी सगळ्यांसाठीच बदललं असावं.

मग एका शनिवारी खरंच करून बघितलं, की समजा उद्या सोडलं तर काय काय बाहेर येतं. डेटाबेस आला, फाइली आल्या, १९ तास लागले. कुणाला कसली परवानगी आहे ती यादी आली नाही, आणि कोणी कधी काय उघडलं ते ऑडिट लॉग त्यांच्याच फॉरमॅटमध्ये आले, जे बाहेर कशातच उघडत नाहीत. करारात शब्द आहे 'ग्राहकाचा कंटेंट' परत देऊ. लॉग कंटेंट की त्यांचा डेटा, यावर सध्या आमची मेलामेली चालू आहे, सातवा मेल कालच गेला.

तर पाचपैकी तीन. घ्यायला हरकत नाही, पण टिक करायच्या आधी एक वकील आणि एक सिस्टमवाला असे दोघं शेजारी बसवून वाचून घ्या, एकट्या वकिलाला झोन कळत नाही आणि एकट्या सिस्टमवाल्याला 'अप्रत्यक्ष नुकसान' कळत नाही. मालकांशी बोलून दुसरे दोघं-तिघं बघायचं ठरलंय, रिन्यूअलला ४७ दिवस आहेत. हे लिहिताना तारीख बघायला म्हणून करार पुन्हा उघडला, तर १४ व्या पानावर, रिन्यूअल आपोआप वर्षभरासाठी होतं आणि नको असेल तर ६० दिवस आधी लेखी कळवायचं.